चक्रावतीचा विसावा

एका राज्यात एक नगरी होती, आणि त्या नगरीत कोणी बसत नसे.

नगरीचे नाव चक्रावती. जुनी, दगडी, देखणी नगरी. मोठाल्या वेशी, खोल बारवा, उंच कमानी, आणि गल्लीतून गल्ली, बोळातून बोळ. पण या सगळ्या देखण्या दगडांवरून माणसे नुसती चालत. सकाळी चालत, दुपारी चालत, जेवताना हातात ताट घेऊन चालत. न्हावी चालता चालता दाढी करी आणि गिऱ्हाईक गालाला फडके लावून पुढे जाई. विणकर मागाभोवती फेऱ्या घालीत कापड विणी. कोणी ओट्यावर टेकले, तर घटकाभरात त्याच्या तळपायांत मुंग्या उठत, आणि पाय त्याला उचलून चालू लागत. झोप म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून चालता चालता घेतलेली डुलकी. पाळण्यातली मुले तेवढी सुखाने निजत, आणि त्यांच्या आया त्यांच्याकडे हेव्याने बघत.

हे असे का झाले? शापाने झाले. पुष्कळ वर्षांपूर्वी धूर्जट नावाचा मांत्रिक भर चौकात उभा राहिला आणि म्हणाला, "चक्रावतीकरांनो, तुमचा विसावा मी काढून घेतला आहे. तो याच नगरीत लपवला आहे. ज्याला हवा असेल त्याने शोधावा. एकट्याने शोधावा, पायी शोधावा, वाटाड्या घेऊ नये. पहिली खूण गजवेशीवरचा कोतवाल पक्षी सांगेल." एवढे बोलून तो गर्दीत शिरला तो पुन्हा दिसला नाही. शाप कशासाठी, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही, कारण तोवर सगळ्यांचे पाय चालू लागले होते.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत कोणी शोधले नाही काय? शोधले की. सेनापती अर्धी फौज आणि डझनभर वाटाडे घेऊन वेशीवर गेले. पक्ष्याने चोच उघडली नाही. राजपंडित वेशीवर गेलेच नाहीत. विसावा देवळामागच्या चिंचेखाली पुरला आहे असे त्यांनी घरच्या घरी ठरवले आणि चिंच उपटली. सराफ म्हणाले टांकसाळीत, मल्ल म्हणाले तालमीत. नगरीभर खड्डे झाले. विसावा कुठे आहे हे ज्याला ठाऊक नव्हते, असा एकही माणूस त्या नगरीत नव्हता.

कारण चक्रावतीची रीतच तशी होती. शापाच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. वाटेवरच्या माणसाने काही विचारले तर "ठाऊक नाही" म्हणू नये. पाहुण्याला पाणी न देता लावून द्यावे, तसा तो उणेपणा. म्हणून विचारणाऱ्याचे बोलणे संपायच्या आत चक्रावतीकराचा हात वर उठे आणि बोट कुठेतरी दाखवी. मूल पहिल्यांदा असा हात करी तेव्हा घरात गोडधोड होई. बोट दाखवलेल्या जागी ती वस्तू आहे की नाही, हे बघायला कोणी मागे जात नसे. मला विचाराल तर ही रीत म्हणजे गोड बोलून गळा कापणेच. पण त्यांना ती फार प्रिय होती.

या नगरीचा राजा भद्रसेन आता म्हातारा झाला होता. राजवाड्याच्या चौकात तो अष्टौप्रहर फेऱ्या घाली. दोन्ही बाजूंनी सेवक धरत, गुडघे वाकत, टाचांतून रक्त येई, तरी पाय थांबत नसत. एके सकाळी राजवैद्य त्याच्यासोबत चालत चालत नाडी बघत होते. त्यांनी हात सोडला आणि ते मागे राहिले.

राजाची एकुलती एक मुलगी शर्वाणी त्यांच्याजवळ आली. तिने विचारले, "वैद्यराज, काय दिसते?"

वैद्यराज म्हणाले, "काळीज थकले आहे. आज दिवस मावळायच्या आत महाराज आडवे झाले, तर वाचतील."

"आणि नाही झाले तर?"

वैद्यराजांनी हात उचलला, आभाळाकडे बोट दाखवले आणि ते चालू लागले.

शर्वाणीला आई आठवत नव्हती. बापाच्या खांद्यावर बसून ती याच चौकात वाढली होती. बाप चालत असे आणि ती वरून पारवे मोजत असे. तो माणूस आज संध्याकाळी नसेल, हा विचार तिला सहन झाला नाही. तिने अंगावरचे दागिने उतरवले, जाडेभरडे लुगडे नेसले, आणि कोणाला न सांगता ती गजवेशीकडे निघाली. पायांना थांबणे ठाऊक नव्हतेच, आज मनालाही नव्हते.

गजवेशीच्या माथ्यावर कोतवाल पक्षी बसला होता. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. सगळ्या नगरीत बसलेला तेवढा तोच.

"एकटी आलीस?" त्याने विचारले.

"एकटी आले."

"पायी?"

"पायी."

"मग ऐक," पक्षी म्हणाला.

"पायऱ्या खाली उतरती, पाणी वर चढत नाही,
कमानीवरच्या माशाची तहान काही सरत नाही.
त्याला पाणी पाज, तो पुढची खूण देईल."

बारव, शर्वाणीने ओळखले. पण कोणती? राजवाड्याबाहेरची नगरी तिने गच्चीवरूनच पाहिलेली. तिने एका तांबटाला गाठले. तो घंगाळ कमरेला बांधून चालता चालता ठोकत होता.

"दादा, कमानीवर मासा कोरलेली बारव कुठे आहे?"

"अगदी सोपं आहे, ताई. नाकासमोर जा, पिंपळापाशी डावीकडे वळा."

ती गेली. पिंपळापाशी डावीकडे घोड्यांची पागा होती. तिथल्या मोतद्दाराने उजवीकडे हात केला. उजवीकडे नुसती भिंत. भिंतीला चुना लावणाऱ्याने मागे बोट दाखवले, आणि मागे जाता जाता ती पुन्हा त्याच तांबटापुढे आली. ऊन चढू लागले होते.

"दादा, तुम्ही ती बारव पाहिली आहे का?"

"पाहिली नाही बघा. पण त्याच अंगाला असायची."

तिला राग आला नाही. तिच्याही हाताने जन्मभर हेच केले होते. पण विचारत बसले तर संध्याकाळ इथेच होईल, हे तिला कळले. मग ती विचारायची थांबली आणि बघू लागली. फरसबंदीवर पाण्याचे थेंब पडलेले होते. घागरी घेऊन जाणाऱ्या बायका पुढे जात होत्या आणि थेंब मागे राहत होते. ज्या बाजूला थेंब दाट होत गेले त्या बाजूला ती चालली. दोन बोळ, एक मोडका सज्जा, एक चिंचोळी खिंड, आणि समोर बारव उघडली. पायऱ्यांवर पायऱ्या, तळाशी हिरवे पाणी, आणि वरच्या कमानीवर दगडी मासा तोंड वासून.

शर्वाणी खाली उतरली. ओंजळ भरली आणि चढू लागली. पाय थांबेनात, ओंजळ हिंदकळे, वर येईतो हात कोरडे होत. दुसऱ्यांदाही तसेच झाले. मग तिने पदर पाण्यात बुडवला, धावत वर आली आणि माशाच्या तोंडात पिळला. मासा गटागट प्याला.

"तुझी आई राणी होती तेव्हा ती पाजायची, त्यानंतर तूच," मासा म्हणाला. "आता ऐक.

सारे हत्ती उगवतीकडे, एक मावळतीला वळला,
कानातले दुखणे काढशील, तर बोलेल तो पुतळा."

ती पायऱ्या चढून वर येत होती तेव्हा एक म्हातारा समोरून आला. गुडघ्यांपर्यंत धूळ, पायांच्या टाचा उललेल्या, डोळे लाल. तिच्याबरोबर पावले टाकत तो म्हणाला, "बाई, म्हाळसा सुईणीचे घर कुठे आहे?"

म्हाळसा सुईण कोण, हे शर्वाणीला ठाऊक नव्हते. पण तो विचारतो न विचारतो तोच तिचा हात वर गेला. "असे सरळ जाऊन उजवीकडे," ती म्हणाली आणि पुढे निघाली. मनात हत्ती होते. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो सरळ गेला.

हत्ती कुठले, हे आता तिने कोणाला विचारले नाही. एवढे हत्ती एका जागी म्हणजे मोठी इमारत, मोठी इमारत म्हणजे रुंद रस्ता, असा विचार करून ती रुंद होत जाणाऱ्या रस्त्याने गेली. जुन्या न्यायसभेचा चौथरा लागला. त्याच्या चारही अंगांना दगडी हत्ती जणू इमारत पाठीवर घेऊन उभे होते. सगळ्यांची तोंडे पूर्वेला, आणि कोपऱ्यातल्या एकाने तोंड फिरवलेले. त्याच्या कानात पिंपळाचे रोप उगवले होते. मुळे कपाळाच्या चिरांत शिरली होती.

"हे उपटू का?" तिने विचारले.

"उपट," हत्ती म्हणाला. "फार वर्षे ठणकते आहे. पण झटका देऊ नकोस, डोके फुटेल."

हे काम एका जागी उभे राहून निगुतीने करण्याचे, आणि तिचे पाय तर चाललेले. तिने रोप हाताला गुंडाळले आणि हत्तीभोवती फेऱ्या घालू लागली. फेरीगणिक मूळ थोडे थोडे सुटत आले. विहिरीतून दोर ओढावा तसे ते लांबच लांब निघाले. शेवटचा तंतू बाहेर पडला तेव्हा हत्तीने डोळे मिटले आणि सोंड खाली सोडली.

"बरे वाटले," तो म्हणाला. "आता ऐक.

दारावरती घर त्याचे, पोटात त्याच्या ढग,
वाजत नाही, गाजत नाही, वर चढून बघ."

आणि मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "राजकन्ये, मी तोंड का फिरवले हे विचारले नाहीस."

"का फिरवले?"

"या रस्त्यावर एका बापाला धावताना पाहिले. परत येताना तो धावत नव्हता. मग मला पूर्वेकडे बघवेना."

एरवी शर्वाणीने आणखी विचारले असते. पण सूर्य डोक्यावरून कलला होता. तिला तिसरी खूण कळली होती, कारण ती तिच्याच घरची होती. राजवाड्याच्या दरवाजावरचा नगारखाना. वाजवणारे बसू शकत नव्हते, म्हणून शाप लागल्यापासून तो नगारा मुका होता. ज्या विसाव्यासाठी नगरी खणून काढली, तो राजाच्या डोक्यावरच होता तर.

ती पळत सुटली. वाटेत तोच म्हातारा आडवा आला.

"बाई, तुम्ही सांगितलेल्या वाटेने गेलो. तिथे तेलाचा घाणा निघाला. म्हाळसा सुईणीचे घर कुठे आहे?"

तिला ओशाळल्यासारखे झाले. पण ते क्षणभरच. "मग ते पलीकडच्या आळीत असेल," ती म्हणाली. हात आपोआप डावीकडे गेला होता. म्हातारा डावीकडे गेला.

नगारखान्याचा जिना अरुंद आणि अंधारा होता. वर पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. मधोमध प्रचंड नगारा होता, धुळीने पांढरा झालेला. तिने कान लावला. आत कोणीतरी संथ श्वास घेत होते. एक माणूस नव्हे, हजारो माणसे गाढ झोपावीत तसा तो श्वास. इतकी झोप एका जागी ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने कातडे फाडायला नखे लावली, मग कमरेची कट्यार लावली. कातड्यावर ओरखडाही उठला नाही.

कोतवाल पक्षी खिडकीत येऊन बसला.

"हा कसा उघडतो?" तिने विचारले.

"कापून उघडत नाही. उत्तराने उघडतो."

"प्रश्न कोणता?"

पक्ष्याने जिन्याकडे चोच वळवली. जिन्यावर पावले वाजली, आणि धुळीने भरलेला तो म्हातारा वर आला. आता तो भिंत धरून चालत होता.

"बाई," तो म्हणाला, "पलीकडच्या आळीत कुंभार राहतात. म्हाळसा सुईणीचे घर कुठे आहे?"

खिडकीतून सगळी चक्रावती दिसत होती. छपरांना छपरे लागलेली, बोळांत बोळ गुंतलेले. कुठेही बोट दाखवले असते तरी चालले असते. तो गेला असता आणि तिला नगाऱ्याकडे बघता आले असते. तिचा हात वर उठला. उठता उठता तिची नजर खाली चौकात गेली. तिचा बाप फेऱ्या घालत होता. एक सेवक बाजूला झाला होता आणि दुसऱ्याला तो सावरत नव्हता. त्याच्या टाचांचे लाल ठसे फरशीवर उठत होते. तिने म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिले. ते पायही तसेच होते. त्यातली निदान दोन वेळांची चाल तिने त्याच्या गळ्यात घातलेली होती.

तिने हात खाली घेतला. ते शब्द तिने आयुष्यात उच्चारले नव्हते, आणि लुगडे सुटावे तशी तिला लाज वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. मघाशीही ठाऊक नव्हते. मी तुम्हाला उगाच पाठवले."

तिचे पाय थांबले.

शर्वाणी पाहतच राहिली. दोन पाय एकाच फरशीवर होते आणि तिथेच राहत होते. म्हातारा मात्र नगाऱ्याभोवती चालतच होता.

"मी धूर्जट," तो म्हणाला. "शाप दिला त्या दिवशी माझी लेक गजवेशीबाहेर गाडीत अडली होती. मी मंत्राने नद्या वळवतो, पण बाळंतिणीला सोडवायचा मंत्र मला येत नाही. लोक म्हणाले, चक्रावतीत म्हाळसा नावाची सुईण आहे, तिच्या हाताला यश आहे. मी धावत आलो. पांढऱ्या घोड्यावर एक तरुण होता, कानात माणकाचे डूल. मी विचारले. त्याने हसून बोट दाखवले. मी तिकडे धावलो. तिथे दुसऱ्याने बोट दाखवले, मग तिसऱ्याने. एकानेही म्हटले नाही की ठाऊक नाही. म्हटले असते, तर मी दुसऱ्या कोणाला विचारले असते. वेशीवर परत आलो तेव्हा गाडीतले दोन्ही जीव गेले होते."

माणकाचे डूल शर्वाणीच्या ओळखीचे होते. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती तेच ओढत असे.

"माझे बाबामहाराज आज मरतील," ती म्हणाली. "तुम्हाला तेच हवे आहे का?"

"नको," धूर्जट म्हणाला. "कोणी मेल्याने ती परत येत नाही. मी रोज या नगरीत तोच प्रश्न विचारतो आणि लोक बोट दाखवतील तिकडे फिरतो. मला एक खरे उत्तर हवे होते. ते तू दिलेस, म्हणून तू सुटलीस. बाकीच्यांचे बाकीच्यांनी द्यावे. मला घर अजून सापडलेले नाही, म्हणून नगारा मिटलेलाच आहे."

"मग खाली चला."

दोघे चौकात आले. भद्रसेन समोरून येत होता, राखेसारखा चेहरा. मुलगी स्थिर उभी आहे हे पाहून सेवकांच्या हातून पंखे गळून पडले. ती बापाला धरून त्याच्याबरोबर चालू लागली.

"बाबामहाराज, हे गृहस्थ काही विचारतील. खरे तेच सांगा."

"राजाला खरेच ठाऊक असते, शर्वाणी," तो पुटपुटला.

धूर्जटाने विचारले, "राजा, म्हाळसा सुईणीचे घर कुठे आहे?"

राजाचा हात उठू लागला. मुलीने तो हात आपल्या हातात घेतला, पण दाबून धरला नाही. भोवती प्रधान, सेनापती, पंडित आपापल्या फेऱ्या घालत बघत होते. ठाऊक नाही म्हणणारा राजा चक्रावतीच्या गादीवर कधी बसला नव्हता.

"त्या दिवशी पांढऱ्या घोड्यावर तू होतास," धूर्जट म्हणाला. "तुला आठवते का?"

राजा बराच वेळ चालला. मग म्हणाला, "आठवत नाही. असे हात मी रोज करीत असे. पण घोडा माझा होता, डूल माझे होते. तो मीच असणार." त्याने पगडी काढून मुलीकडे दिली. "ते घर मला ठाऊक नव्हते. आजही ठाऊक नाही."

त्याचे पाय थांबले. तो लटपटला. राजवैद्य धावत आले. "महाराज, आता आडवे व्हा. दिवस कलला आहे."

शर्वाणीनेही हात जोडले. सकाळपासून ती याचसाठी धावत होती. पण भद्रसेन धूर्जटाकडे पाहत होता, कारण चौकात तो एकटा माणूस अजून उत्तर मिळण्याची वाट बघत चालत होता.

"ठाऊक नाही म्हणून मी मोकळा झालो," राजा म्हणाला. "याला घर कुठे मिळाले? चला, विचारत विचारत जाऊ."

"बाबामहाराज, तुम्ही वाटेत पडाल," शर्वाणी म्हणाली. तिला रडू आवरेना.

"पडलो तर उचल. इतकी वर्षे पायांनी मला चालवले. आता मला त्यांना चालवू दे."

आणि राजा स्वतःच्या मर्जीने, मुलीच्या खांद्यावर भार टाकून, उघड्या डोक्याने राजवाड्याच्या दाराबाहेर पडला. चक्रावतीने असे कधी पाहिले नव्हते. दारात पहिला भेटला तो तांबट.

राजा म्हणाला, "बाबा रे, म्हाळसा सुईणीचे घर मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे का?"

तांबटाचा हात कोपरापर्यंत उठला. राजा नुसता थांबला. हात तिथेच घोटाळला आणि खाली आला. "नाही ठाऊक, महाराज," तांबट म्हणाला. त्याचे पाय थांबले आणि तो मटकन आपल्या घंगाळावर बसला. तो हसू लागला, मग रडू लागला.

मग फुलवाली म्हणाली ठाऊक नाही. मोतद्दार म्हणाला, चुना लावणारा म्हणाला. सेनापती म्हणाले, खाली बघून म्हणाले. पंडितांनी आधी सुईणींच्या उत्पत्तीविषयी थोडे सांगून पाहिले आणि मग म्हणाले. आळीमागून आळी बसत गेली. उंबऱ्यावर, ओट्यावर, पायऱ्यांवर माणसे आपले तळपाय हातात घेऊन बसली. पुढे मात्र तिघे चाललेच होते, आणि राजाचा भार शर्वाणीच्या खांद्यावर वाढत होता. ऊन भिंतींच्या माथ्यावर गेले होते. म्हाळसाचे घर कोणालाच ठाऊक नव्हते. ती जाऊनही जमाना झाला असेल.

शेवटी गजवेशीच्या आतल्या अंगाला फुटाणे विकणारी एक म्हातारी दिसली. टोपली डोक्यावर घेऊन ती भिंतीकडेने ये-जा करीत होती. राजाने तिलाही विचारले. तिचा हात मुळीच उठला नाही.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "मला तिनंच जगात आणलं. आजवर कोणी विचारलंच नाही. चला माझ्यासंगं."

ती चार पावले चालली आणि वेशीच्या भिंतीला लागून असलेल्या एका ठेंगण्या दारापाशी उभी राहिली. दाराला वाळलेल्या निंबाच्या डहाळ्या अजून लटकत होत्या. इथून वेशीबाहेर उभ्या असलेल्या गाडीला हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

धूर्जट दाराकडे बघत राहिला, मग वेशीकडे, मग पुन्हा दाराकडे. तो उंबऱ्यावर बसला, गुडघ्यांत डोके घातले आणि लेकीचे नाव घेऊन मोठ्याने रडला. ते नाव चक्रावतीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. कृत्तिका, असे होते ते.

भद्रसेन त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. "मला क्षमा करशील का?" त्याने विचारले.

"ठाऊक नाही," धूर्जट म्हणाला. "आज नुसता बसतो."

तो तसाच बसून राहिला आणि तिकडे राजवाड्यावर नगारा आपोआप फुटला. आवाज झाला नाही. आतला श्वास छपरांवरून, बोळांतून, बारवेच्या पायऱ्यांवरून पसरत गेला. बसलेल्या माणसांच्या माना कलल्या. तांबट घंगाळाला टेकून निजला, फुटाणेवाली टोपलीवर हात ठेवून निजली. धूर्जटाचे हुंदके संथ झाले. राजाने मुलीच्या मांडीवर डोके ठेवले आणि पाय लांब केले. सूर्य तेव्हा वेशीच्या कमानीत टेकला होता. शर्वाणीने बापाच्या छातीवर हात ठेवला. ती वरखाली होत होती. हाताखाली ती वरखाली होते आहे तोवर जागे राहायचे असे तिने ठरवले होते, पण तिचेही डोळे मिटले.

सगळी चक्रावती निजली. वेशी उघड्या, दुकाने उघडी, चुली विझलेल्या. एकही चोर आला नाही, कारण चोरही निजले होते.

पुढे राज्य सुरळीत चालले. न्यायसभेत न्यायाधीश आसनावर बसू लागले. धूर्जटाने नदी वळवून बारवेचे पाणी कमानीपर्यंत चढवून दिले आणि तो म्हाळसाच्या घरात राहिला. भद्रसेनाने नवी रीत घालून दिली. वाट ठाऊक असेल तर दाखवावी. नसेल तर तसे सांगावे, आणि ठाऊक असणारा भेटेपर्यंत विचारणाऱ्याबरोबर चालावे.

पण हे सगळे नंतरचे. त्या झोपेतून आधी भद्रसेन जागा झाला. ऊन अंगावर आले होते. त्याने मुलीला हलवले.

"शर्वाणी, किती वेळ झोपलो गं मी?"

"ठाऊक नाही, बाबामहाराज," ती डोळे न उघडताच म्हणाली. "मी पण झोपले होते. अजून थोडे निजू या."

आणि ती दोघे पुन्हा निजली. तुम्हीही आता पाय पसरा. कहाणी चालायची तेवढी चालली.